डोळे मिटून बोललेलं

चर्चच्या मंडळीतले सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. चर्चमध्ये नव्याने येणाऱ्या माणसाला वाटायचं, बाई नन असणार. मग उपासना संपल्यावर त्या दारातूनच नवऱ्याला हाक मारायच्या, "अहो, छत्री विसरलात आत," आणि नवा माणूस गडबडून दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचा. खरं तर त्या नर्स होत्या. अख्खी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात काढलेली. निवृत्त झाल्या तेव्हा गणवेश उतरला, पण सिस्टर हे नाव काही उतरलं नाही.

खुलासा करत बसायला त्यांना वेळ नसे. मुळात बसायलाच वेळ नसे. फोनवर बोलताना घरभर फिरायचं, भाजी निवडताना मधेच उठून पडदा सारखा करायचा, आमेन म्हणता म्हणता पर्स उचलायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री, तोही आता निवृत्त. तो म्हणायचा, "आयुष्यभर लोकांना वर नेलं, पण बायकोला लिफ्टमध्ये कधी बघितलं नाही. दार उघडेपर्यंत ही जिन्याने वर पोचलेली असते."

एकच जागा अशी होती, जिथे त्या हलत नसत. चर्चच्या मागच्या बाजूला, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या आणि माईकचे स्टँड कोंबून ठेवलेले असत, ती खोली त्यांनी पाळकसाहेबांच्या मागे लागून मिळवली. रंग नवऱ्याने दिला. दोन वेताच्या खुर्च्या, तिरक्या मांडलेल्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीकडे बघता यावं. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे टांगलेलं, म्हणजे सिस्टरना वेळ दिसेल आणि समोरच्याला वाटणार नाही की बाईंना घाई आहे. दाराला जाड पडदा. त्या खोलीत सिस्टर मांडीवर हात ठेवून तासभर बसायच्या, आणि ज्यांनी त्यांना बाहेर बघितलेलं असे त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नसे.

चर्चचे पंच सुरुवातीला कुरकुरले. विश्वास पक्का असेल तर माणसाचं मन आजारी कसं पडेल, असा त्यांचा सवाल. सिस्टरनी भर बैठकीत त्यांतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या पंचांना विचारलं, "तुमच्या गुडघ्याला पट्टा आहे. विश्वास कमी पडला का?" त्यानंतर आवाज जरा खाली आला. तरी एक तक्रार राहिलीच, की तिथे देवाच्या आधी पोटाची चौकशी होते. ती मात्र खरी होती. आलेल्या माणसाला सिस्टर पहिल्यांदा विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, पोट साफ होतं का. प्रार्थना शेवटी, आणि तीसुद्धा समोरच्याला विचारून. नको म्हणाला तर नको. काहींना त्या सरळ वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडत, ज्यांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. "गोळी आणि प्रार्थना काही सवती नाहीत," त्या म्हणायच्या. "एका घरात नांदतात."

खोलीत माणसं आपणहून येत नाहीत हे त्यांना लवकरच कळलं, म्हणून शनिवारी त्याच बाहेर पडू लागल्या. कधी बाजारात, कधी दवाखान्याच्या रांगेत, कधी शाळेच्या बसगाड्या जिथे उभ्या असतात त्या आवारात. तिथे ड्रायव्हर लोकांना जमवून थकवा, झोप, चिडचिड यावर त्या बोलल्या. बाकीचे चहा पिऊन पांगले. एक जण मात्र गाडीची काच पुसत राहिला, स्वच्छ असलेलीच काच पुन्हा पुन्हा. सिस्टरनी तो फडका किती वेळ फिरतोय ते बघितलं आणि जवळ जाऊन म्हणाल्या, "झोप लागते का?"

तो त्यांच्याच मंडळीतला निघाला. मागच्या बाकावर बसणारा, अबोल, मुलांचा लाडका. मुलं त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. पुढच्या मंगळवारी तो खोलीत आला आणि बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. शेवटी बोलला तेव्हा घामाने त्याची कॉलर ओली झाली होती. नदीवरच्या पुलावर गाडी चढली की त्याच्या मनात यायचं, स्टिअरिंग फिरव. कठडा तोड. मुलांसकट खाली घाल.

"मला तसं करायचं नाहीये हो," तो म्हणाला. "माझा जीव आहे त्या पोरांवर. मग येतंच कुठून हे? सैतान बसलाय का माझ्यात?"

तो विचार परतवायला त्याने एक प्रार्थना ठरवली होती. पुलाच्या अलीकडे सुरू करायची, पलीकडे संपवायची. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. पुढे पुढे एवढ्यानेही भागेना, तेव्हा तो गाडी वळवून पूल पुन्हा ओलांडायला लागला. मुलं उशिरा पोचत. मग तो लांबचा रस्ता धरायला लागला आणि शाळेत रहदारीची कारणं देऊ लागला.

सिस्टरनी असे रुग्ण वॉर्डात पाहिले होते. ज्या गोष्टीची माणसाला सर्वांत जास्त किळस, तीच मनात घुसते आणि जेवढी हाकलावी तेवढी चिकटते. त्यांनी त्याला समजावलं, की विचार येणं म्हणजे इच्छा असणं नव्हे, पाप तर नव्हेच. ज्याला खरंच तसं करायचं असतं तो असा घामाने ओला होऊन समोर बसत नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते चर्चच्या खोलीत बसून सांगायला छाती लागते. "पुलावर प्रार्थना करायची नाही."

तो बघतच राहिला. "सिस्टर, तुम्ही हे सांगताय?"

"मीच सांगतेय. तुम्ही देवाला पुलावरचा पहारेकरी करून ठेवलंय. रोज हजेरी लावायला लावता त्याला. त्याला सुटी द्या. सकाळी घरी करा, रात्री करा, पोटभर करा. पुलावर नुसती गाडी चालवा. विचार येऊ दे, बसू दे बापडा शेजारी, त्याच्याशी बोलायचं नाही."

डॉक्टरीणबाईंकडे चला असंही त्या दर मंगळवारी सांगत. तिथे मात्र त्याचं घोडं अडायचं. डॉक्टरचा कागद झाला, शाळेला कळलं, की गाडी गेली. गाडी गेली की घर गेलं. "मला माझी सिस्टर पुरे," तो म्हणायचा. "फक्त हे या खोलीच्या बाहेर जाऊ देऊ नका. गेलं तर मी संपलो."

"नाही जाणार," सिस्टर म्हणाल्या होत्या. वॉर्डातल्या एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाचं काही बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा ताकास तूर लागू देत नसत.

मग सुरू झाला सराव. आधी दोघांनी पूल पायी ओलांडला, गप्पा मारत. मग रिकाम्या गाडीतून. सिस्टर त्याच्या मागच्या सीटवर बसून सारख्या चुळबुळत, आणि तो ओठ घट्ट मिटून, प्रार्थना आत दाबून, गाडी पलीकडे नेई. महिने गेले. आणि एका शुक्रवारी दुपारी तो खोलीच्या दारात उभा राहिला, मंगळवार नसताना. सकाळी भरलेली गाडी घेऊन तो पुलावरून गेला होता. विचार आला होता. त्याने त्याला उत्तर दिलं नाही. प्रार्थनाही केली नाही. मागे पोरं गाणं म्हणत होती, ते ऐकत ऐकत तो पलीकडे गेला.

"काहीच झालं नाही, सिस्टर," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला.

सिस्टरना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्चीतून उठून त्याचे दोन्ही हात धरले. तो गेला, आणि त्या तशाच, आनंदाने काठोकाठ भरलेल्या, शेजारच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला गेल्या. तिथेच घात झाला.

या मंडळीची पद्धत अशी, की गोल करून बसायचं, डोळे मिटायचे आणि ज्याला जसं सुचेल तसं मोठ्याने बोलायचं. सिस्टरची पाळी आली. देवाचे उपकार मानायचे म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि जे आत दाटलं होतं ते घळाघळा बाहेर आलं. मुलांची गाडी चालवणाऱ्या मंडळीतल्या त्या भावाला तू आज पुलावरून सुखरूप नेलंस. गाडी नदीत घालण्याच्या त्या भयंकर विचारातून तू त्याला सोडवतोयस. नाव त्यांनी घेतलं नाही. पण मंडळीत मुलांची गाडी चालवणारा माणूस एकच होता. डोळे मिटलेल्या माणसाला वाटतं आपण देवाशी एकट्याने बोलतोय, आणि सिस्टरना तेव्हा अगदी तसंच वाटत होतं. त्या दिवशीचं आमेन जरा उशिरा आणि विरळ आलं, एवढं त्यांच्या कानाने टिपलं. पण त्या लगेच पर्स उचलून पुढच्या कामाला लागल्या.

सोमवारी सकाळी महिला मंडळाच्या खजिनदारबाईंचा फोन आला. सिस्टर ओट्यापाशी उभ्या होत्या.

"सिस्टर, तुम्हाला आपलं कानावर असावं म्हणून," त्या म्हणाल्या. "मी काल मुख्याध्यापिकेला फोन केला. माझी नात आहे हो त्या गाडीत. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. आज त्याची किल्ली काढून घेतली म्हणे."

"कुणाची?" सिस्टरनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. फोन कानाला लावून त्या आतल्या खोलीत गेल्या, तिथून बाहेरच्या खोलीत, तिथून पुन्हा ओट्यापाशी. खजिनदारबाई काहीतरी बोलतच होत्या. सिस्टरना त्यांच्यावर रागवायचं होतं, पण राग धरायला जागाच सापडेना. नात आपली असती तर आपणही तोच फोन केला असता.

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. ड्रायव्हरची बायको. ती पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती, मागे मशिनांची घरघर ऐकू येत होती.

"सिस्टर, हे तुमच्याकडे आलेत का? शाळेतून कुणीतरी सांगितलं, किल्ली घेतली, आणि हे फाटकातून चालत निघून गेले. फोन बंद आहे. काय झालंय मला कुणी सांगेना."

"मी बघते," सिस्टर म्हणाल्या. "तू तिथेच थांब. फोन जवळ ठेव." आवाज वॉर्डातला निघाला, शांत, आणि त्या आवाजाची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

नवरा अंगणात स्कूटर पुसत होता. "कुठे?" त्याने विचारलं.

"पुलावर."

त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न गिळला. तो स्कूटर चालवायचा लिफ्टसारखी, एका चालीने, कुणी काही म्हणो. सिस्टर मागून त्याच्या खांद्यावर थापा मारत होत्या. प्रत्येक सिग्नलला त्या उतरून चालत जायचा विचार करत होत्या. मनात प्रार्थना सुरू झाली, आपोआप, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या एकच वाक्य घोळवतायत, त्याला सांभाळ, त्याला सांभाळ, आणि मधे हॉर्न वाजून वाक्य तुटलं की पहिल्यापासून सुरू करतायत. एवढे महिने आपण त्या माणसाला काय सोडायला सांगत होतो ते त्यांना तेव्हा अंगावर आल्यासारखं कळलं. थांबवायला गेल्या तर थांबेना.

पुलाच्या मध्यावर तो उभा होता. कठड्याला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे. सिस्टर स्कूटर थांबायच्या आतच उतरल्या आणि अडखळल्या. त्याने त्यांना येताना बघितलं, पण जागचा हलला नाही.

"घाबरू नका," तो म्हणाला. "उडी मारायला नाही आलो. घरी काय सांगू ते सुचत नव्हतं, म्हणून चालत सुटलो. पाय इथेच आले."

सिस्टरना धाप लागली होती. "चुकले मी," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून गेलं. नाव नव्हतं घेतलं, पण…"

"कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं नाही. प्रार्थनेत बोलले. उपकार मानत होते."

एक ट्रक गेला, पूल थरथरला.

"मला म्हणालात पुलावर प्रार्थना करू नका," तो म्हणाला. "मी नाही केली. जीव जात होता, तरी नाही केली. आणि माझ्या वाट्याची तुम्ही करून आलात."

सिस्टर पर्सचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिल्या. वॉर्डात असताना रुग्णाने शिव्या दिल्या तरी त्यांचा चेहरा हलत नसे. आता डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण पुसणं म्हणजे त्याच्याकडून सहानुभूती मागणं झालं असतं.

"मी शाळेत जाते," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं नीट समजावून सांगते त्यांना."

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही पुष्कळ सांगितलंत." तो कठड्यापासून दूर झाला. "मीच सांगतो. विचारलं तर तुम्ही आत या. नाहीतर बाहेर बसा."

सिस्टरनी तिथूनच त्याच्या बायकोला फोन लावून त्याच्या हातात दिला आणि त्या चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

शाळेच्या ऑफिसबाहेर लाकडी बाक होतं. खजिनदारबाई तिथे आधीच येऊन बसलेल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सिस्टरना बघून त्या सरकल्या.

"मी त्याच्या वाइटावर नव्हते हो," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मीही नव्हते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. लगेच उठल्या. पुन्हा बसल्या. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो उभ्यानेच बोलत होता. तोंडून एक वाक्य काढायला ज्याला त्यांच्या खोलीत अर्धा तास लागायचा, तो माणूस तिथे परक्या बाईपुढे, मागे पडदा नसताना, सगळं सांगत होता. त्याचे खांदे वर गेले की सिस्टरचेही जात. आपण एवढं ओझं त्याच्यावर टाकलं, आणि ते तो एकट्याने वाहतोय, हे त्यांना बघवेना, आणि नजर हटवताही येईना.

दार उघडलं. मुख्याध्यापिकेने त्यांना आत बोलावलं. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. एवढ्या मुलांची जबाबदारी गळ्यात असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "मुलांना याच्यापासून धोका आहे का?"

सिस्टरनी आधी ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने मान हलवली, तेव्हाच त्या बोलल्या. "नाही. ज्याला अशा विचाराने एवढी भीती वाटते, त्याच्या हातून ते होत नाही. हा आजार त्याला छळतो, मुलांना नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मी डॉक्टर नाही. आणि विश्वासाच्या बाबतीत माझा शब्द किती टिकतो ते तुम्ही बघितलंच आहे."

मुख्याध्यापिकेने पेन खाली ठेवलं. निर्णय झाला तो असा, की त्याने मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर बरा म्हणाले की किल्ली परत. तोवर गाड्यांच्या आवारात देखभालीचं काम, पगार चालू. मुलांच्या घरी काय कळवायचं ते त्याला विचारून ठरवायचं. नोकरी वाचली होती.

बाहेर जिन्यापाशी तो थांबला. खजिनदारबाई त्याच्याकडे बघायचं टाळत खाली उतरून गेल्या. सिस्टरचा नवरा फाटकाजवळ स्कूटरवर बसून होता.

"डॉक्टरीणबाईंकडे जाईन मी," तो म्हणाला. "उद्याच जातो."

किती मंगळवार सिस्टरनी हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती. "फार बरं होईल," त्या म्हणाल्या. "मी फोन करून ठेवते. सोबत हवी असेल तर…"

"बायको येईल." मग तो म्हणाला, "मंगळवारी मी येणार नाही आता. राग देवावर नाही माझा. रविवारी येईन, मागच्या बाकावर बसेन. तुमच्यावर आहे."

सिस्टरनी मान हलवली.

तो दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "सिस्टर, त्या डॉक्टरीणबाई प्रार्थना करतात का?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण कधी विचारलं नाही."

"करत नसतील तर बरं," तो म्हणाला, अगदी सरळपणे, टोमणा न मारता, आणि खाली उतरून गेला.